कोरी गाडी आणि नवी गाडी

‘नवा’ हा शब्द दिसावयास साधा, पण व्यवहारांत मोठा लबाड आहे. त्याच्या पोटांत दोन निरनिराळे अर्थ नांदतात. जी वस्तु अद्याप कोणीं वापरली नाहीं ती एका अर्थानें नवी. तिला आपल्या घरांतील बायका ‘कोरी’ असा नेमका शब्द योजतात. जी वस्तु नुकतीच तयार झाली ती दुसऱ्या अर्थानें नवी. तिला म्हणतात ‘ताजी’. सासूबाईंच्या पेटींत वीस वर्षें घडी न मोडतां राहिलेली पैठणी कोरी खरी, पण ताजी नव्हे. रेशीम घडीवर चिरतें हें जिला ठाऊक आहे ती गृहिणी अशी पैठणी उलगडून, उजेडांत धरून, मगच नेसते. यास्काचार्यांनीं निरुक्तांत ‘पुराण’ शब्दाची फोड करतांना, जें पूर्वीं नवें होतें तें पुराण, असा आशय सांगितला आहे. वस्तूला हात न लावतां ती केवळ पडून राहिल्यानेंही नव्याची जुनी होते, हें त्या जुन्या वैयाकरणासही कळत होतें. मोटारगाडी विकत घेतांना मात्र पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस ह्याचा विसर पडतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत जळगांव, धुळें, भुसावळ, अमळनेर येथील बेताच्या मिळकतीच्या पांढरपेशा घरांपुढेंही चारचाकी उभी राहूं लागली आहे. तींत वाईट कांहीं नाहीं. म्हाताऱ्या माणसांस दवाखान्यांत न्यावयास, लग्नकार्यास, कुलदैवताच्या दर्शनास तिचा उपयोग होतो. परंतु घर आणि लग्न हीं सोडलीं तर एवढी मोठी रक्कम एकदम खर्च होण्याचा प्रसंग ह्या घरांत दुसरा येत नाहीं. म्हणूनच ह्या महिन्यांत आम्हीं हा विषय घेतला आहे.

आमच्या ओळखीच्या जळगांवांतील एका एकत्र कुटुंबांत घडलेली गोष्ट सांगतों. तिघां भावांनीं मिळून पैसे घातले. थोरल्यानें चार ठिकाणीं हिंडून भाव केला आणि दसऱ्याच्या दिवशीं गाडी दारांत आली. आजींनीं चाकाखालीं लिंबू ठेवविलें, सुनांनीं ओवाळलें, पेढे वांटले. महिन्याभरानें नोंदणीचें पत्रक घरीं आलें, तें कॉलेजांत जाणाऱ्या नातीनें मोठ्यानें वाचून दाखविलें. त्यांत उत्पादनाचा महिना होता मागच्या वर्षाचा मे! म्हणजे घरीं आली त्या दिवशीं ती गाडी सतरा महिन्यांची होती. आजी म्हणाल्या, “बारशाला बोलावलें, आणि मूल पाळण्यांतून उतरून चालूं लागलें कीं रे!” सगळे हंसले, पण तें हंसें फार वेळ टिकलें नाहीं. मधल्यानें विचारलें, “दादा, भाव करतांना तुला हें ठाऊक होतें का?” प्रश्न साधा होता, परंतु विचारण्याची तऱ्हा साधी नव्हती. धाकट्याची बायको कांहीं बोलली नाहीं, तेंही थोरल्याच्या जिव्हारीं लागलें.

विक्रेत्याकडे गेल्यावर उत्तर मिळालें, “साहेब, मीटरवर किलोमीटर किती होते तें पाहिलेंत ना? नोंदणीही ह्याच महिन्याची आहे. मग जुनी कशी?” रीतसर पत्र लिहिल्यावर त्यानें बॅटरी बदलून दिली आणि हमीची मुदत एका वर्षानें वाढविली, पैसे परत दिले नाहींत. गाडी चालते आहे. पण थोरले बंधु अजून त्या गाडींत पुढच्या आसनावर बसत नाहींत. विक्रेत्यानें एक गोष्ट सांगितली नाहीं, आणि तिचा संशय घरांतल्याच माणसावर आला. ह्या प्रकारांत पैशाचें नुकसान होतें तें मोजतां येतें. हें दुसरें नुकसान मोजतां येत नाहीं.

आतां गाड्या अशा पडून कां राहतात, तें पाहूं. आमच्या पिढीस ह्याचें नवल वाटणें साहजिक आहे, कारण आम्हीं उलटा काळ पाहिला. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी गाडी घेणें म्हणजे आधीं पैसे भरावयाचे, नंबर लावावयाचा आणि वाट पाहावयाची. १९७२ सालीं निघालेल्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठींही लोकांनीं वर्षानुवर्षें वाट पाहिली. मुलाच्या मुंजींत नंबर लावावा आणि त्याच्या कॉलेजच्या दिवसांत स्कूटर यावी, अशी थट्टा त्या वेळीं चाले. तेव्हां गिऱ्हाईक गाडीची वाट पाहत असे. आतां गाडी गिऱ्हाइकाची वाट पाहते. कारखाना विकत घेणाऱ्याच्या मागणीप्रमाणें नव्हे, तर आपल्या अंदाजाप्रमाणें गाड्या बांधतो व विक्रेत्याकडे पाठवितो. अंदाज चुकला कीं त्या विक्रेत्याच्या मोकळ्या आवारांत उभ्या राहतात. २०२४ च्या सणासुदीच्या तोंडावर देशांतील विक्रेत्यांच्या संघटनेनें सांगितलें कीं, आमच्याकडे ऐंशी दिवसांहून अधिक पुरेल एवढा, म्हणजे सुमारें ७ लाख ९० हजार गाड्यांचा सांठा पडून आहे. पुढल्या वर्षीं, १५ ऑगस्ट २०२५ रोजीं कर उतरणार अशी घोषणा झाली आणि २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरील कर शेंकडा १८ वर आला. मधल्या पांच आठवड्यांत शहाण्या गिऱ्हाइकांनीं हात आंखडला, आणि गाड्या पुन्हां आवारांत थांबल्या. नाशिकास बांधलेली गाडी आग्रा रस्त्यानें एका दिवसांत धुळ्यास पोहोंचूं शकते. तेव्हां जो उशीर होतो तो रस्त्याचा नव्हे, आवाराचा असतो. बांधल्यापासून विकेपर्यंत दोन-तीन महिने जाणें आम्ही स्वाभाविक समजतों. त्यापुढें मात्र विचारपूस केली पाहिजे.

तर मग जुनी झालेली कोरी गाडी घेऊंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. जुना तांदूळ आपण अधिक भाव देऊन आणतों, कारण तो जुना आहे हें दुकानदार स्वतःच अभिमानानें सांगतो. वय हा दोष नव्हे. वय लपविणें हा दोष आहे. ह्याचें मोठें उदाहरण २०१७ सालीं देशभर पाहावयास मिळालें. धुराविषयींचे जे नियम भारत स्टेज ह्या नांवानें ओळखले जातात, त्यांपैकीं तिसऱ्या पायरीचीं वाहनें १ एप्रिल २०१७ पासून विकूं वा नोंदवूं नयेत, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २९ मार्च रोजीं दिला. त्या वेळीं अशीं सुमारें ८ लाख २४ हजार वाहनें विकावयाचीं राहिलीं होतीं. त्यांत बहुसंख्य दुचाक्या होत्या. पुढल्या दोन दिवसांत विक्रेत्यांनीं हजारों रुपयांची सूट दिली आणि दुकानांपुढें रांगा लागल्या. ज्यांनीं तीं वाहनें घेतलीं त्यांची फसवणूक झाली असें कोणी म्हणणार नाहीं. माल मागल्या नियमाचा आहे, म्हणूनच स्वस्त आहे, हें विकणाऱ्यास व घेणाऱ्यास सारखेंच ठाऊक होतें.

ह्याच्या उलट प्रकार १ एप्रिल २०२० च्या सुमारास घडला. चौथ्या पायरीच्या गाड्या त्या दिवसानंतर विकावयाच्या नाहींत, हें न्यायालयानें २४ ऑक्टोबर २०१८ रोजींच सांगून ठेविलें होतें. मार्च २०२० मध्यें साथीमुळें देश बंद झाला. तेव्हां उरलेल्या सांठ्यापैकीं दहावा हिस्सा टाळेबंदी उठल्यावर दहा दिवसांत विकण्याची सवलत २७ मार्च रोजीं न्यायालयानें दिली व ८ जुलै रोजीं परत घेतली. ह्या दोन्ही वेळच्या गडबडींत कांहीं विक्रेत्यांनीं उरलेल्या गाड्या मुदतीपूर्वीं स्वतःच्याच नांवें नोंदविल्या आणि मागाहून दुसऱ्या हातच्या म्हणून विकल्या. अशी गाडी कोणीं चालविलेली नाहीं, म्हणून कोरी. पण कागदावर तिचा एक मालक होऊन गेला, म्हणून जुनी. ती उघडपणें तशी सांगून विकली असेल तर तक्रार नाहीं. तशी सांगितली नसेल, तर घेणाऱ्यानें आपण कितवे मालक आहों हें नोंदणीपत्रकांत पाहिलेंच पाहिजे.

उभ्या गाडीला काय होतें, असें कित्येक विचारतात. बैल उभा राहिला तरी खातो, तशी गाडी उभी राहिली तरी झिजते. जळगांव-भुसावळाकडचा उन्हाळा वाचकांस सांगावयास नको. पारा पंचेचाळिसांच्या घरांत जातो. उघड्या आवारांत असा एक उन्हाळा काढलेल्या गाडीच्या दारांच्या कडांचें रबर कडक होतें. महिनेन् महिने एकाच जागीं भार राहिल्यानें टायर त्या ठिकाणीं चपटा होऊं लागतो. बॅटरी वापरली नाहीं तरी आपोआप उतरते, आणि उतरलेल्या स्थितींत फार दिवस राहिली तर पुन्हां पूर्वीसारखी भरत नाहीं. ब्रेकचें तेल हवेंतली ओल शोषून घेतें. टाकींत राहिलेलें पेट्रोल शिळें होतें. उंदरांस तारांवरचें वेष्टन फार आवडतें, हें तर प्रत्येक मेकॅनिक सांगेल. ह्यांतील बहुतेक गोष्टी तपासून, बदलून घेतां येतात. म्हणजे जुनी कोरी गाडी निरुपयोगी नसते. पण तपासावयाचें तें वय ठाऊक असेल तरच ना!

मग हें वय ओळखावें कसें? तापीकांठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें घोड्याची चाल, रंग, शेपटी सगळें पाहून झाल्यावर जाणता मनुष्य शेवटीं घोड्याचा जबडा उघडतो. बैलबाजारांतही तेंच. आदत आहे, दोन दांती आहे कीं जुळला आहे, हें पाहिल्याशिवाय शेतकरी दावें हातांत घेत नाहीं. मालकानें सांगितलेल्या वयावर तो विसंबत नाहीं, आणि मालकालाही त्याचा राग येत नाहीं. मोटारीलाही असे दांत आहेत. प्रत्येक गाडीवर सतरा अक्षर-अंकांचा एक क्रमांक कोरलेला असतो. त्याला चेसिस क्रमांक म्हणतात. सामान्यतः त्यांतील दहावें अक्षर वर्षाचें असतें. इंग्रजी वर्णमालेंतील ए म्हणजे २०१०, बी म्हणजे २०११, ह्या क्रमानें पुढें जावें. आय, ओ, क्यू हीं अक्षरें अंकांशीं घोंटाळा होऊं नये म्हणून वगळलीं आहेत. त्यामुळें जे म्हणजे २०१८, एल म्हणजे २०२०, पी म्हणजे २०२३, आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५ आणि टी म्हणजे २०२६. महिन्याचेंही अक्षर असतें, पण त्याची जागा प्रत्येक कंपनीची वेगळी; ती विक्रेत्यासच विचारून घ्यावी. टायरच्या कडेवर चार अंक असतात: २३२४ असें दिसलें तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. ही विद्या कांहीं गहन नाहीं. घरांतल्या शाळकरी मुलास सांगितली तर तो दहा मिनिटांत शिकेल, आणि पुढें रस्त्यांतल्या प्रत्येक गाडीचें वय आपल्याला सांगत सुटेल.

येथें एक विसंगति लक्षांत आणून द्यावीशी वाटते. दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यावर तो केव्हां बांधला हें छापलेलें असतें. खोकल्याच्या औषधावरही असतें. आठ लाखांच्या गाडीवर तें असतें खरें, पण अशा लिपींत कीं सामान्य मनुष्यास वाचतां येऊं नये. सरळ भाषेंत तो महिना नोंदणीपत्रकांत आणि नमुना २१ ह्या विक्रीच्या दाखल्यांत येतो. परंतु हे कागद बहुधा पैसे देऊन झाल्यावर हातीं पडतात.

वय कळल्यावर भावाचा प्रश्न. गाडीची किंमत वयाप्रमाणें कशी उतरते ह्याचें एक कोष्टक विम्याच्या धंद्यांत चालतें. सहा महिन्यांच्या आंत शेंकडा ५, एका वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पांच वर्षांपर्यंत ५० अशी घट त्यांत धरतात. म्हणजे दोन वर्षांपुढें प्रत्येक वर्षाला मूळ किंमतीचा दहावा हिस्सा जातो. आठ लाखांच्या गाडीस ऐंशी हजार. पुढें-मागें ती गाडी विकावयास काढाल तेव्हां घेणारा पहिला प्रश्न ‘कोणत्या सालची?’ असाच करील, आणि त्याला नोंदणीचें नव्हे, बांधणीचें साल हवें असेल. जे कुटुंब गाडी तीन-चार वर्षांत बदलणार आहे त्यानें वर्षाची जुनी गाडी पूर्ण किंमतीस घेणें म्हणजे तो दहावा हिस्सा विक्रेत्यास आहेर देणें होय. उलट, जें घर ती पंधरा वर्षें वापरणार, त्यानें योग्य सूट मिळत असल्यास अशी गाडी खुशाल घ्यावी. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत बांधणीपासून नव्हे, नोंदणीपासूनच धरतात. मात्र सूट वयाबद्दल म्हणून मागावी. विक्रेत्यानें आपण होऊन देऊं केलेली पायपुसणीं आणि आसनांच्या खोळी म्हणजे सूट नव्हे.

कायदा ह्या बाबतींत काय म्हणतो? गाडी बांधल्यापासून अमुक दिवसांत विकलीच पाहिजे असें बंधन, धुराच्या नियमांची मुदत सोडल्यास, नाहीं. परंतु जुना माल नवा म्हणून खोटेपणानें दाखविणें ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असें १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत होतें व २० जुलै २०२० पासून अमलांत आलेल्या २०१९ च्या कायद्यांतही आहे. विचार तसा नवा नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थाध्यक्षाचीं कामें सांगतांना आरंभींच जुन्या मालाची विक्री त्याच्या नजरेखालीं आणली आहे. आजच्या कायद्यांत खानदेशच्या माणसास विशेष सोयीची गोष्ट ही कीं, गाडी नाशिकास वा पुण्यास घेतली असली तरी तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगापुढें, म्हणजे जळगांवास किंवा धुळ्यास, करतां येते. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. वस्तु पांच लाखांपर्यंतची असल्यास शुल्क नाहीं. पांच ते दहा लाखांस तें दोनशें रुपये आहे. तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी लागते. प्रथम नुसता सल्ला हवा असल्यास १९१५ ह्या क्रमांकावर सरकारी साह्यकेंद्र आहे. तथापि कायद्याची वाट लांब असते. विक्रेत्यानें खोटें सांगितलें हें दाखवावें लागतें. आणि उत्पादनाचा महिना लिहिलेल्या कागदावर आपण न वाचतां सही करून बसलों असलों, तर आपलीच बाजू लंगडी पडते.

खरी अडचण, आमच्या मतें, आपल्या मुहूर्तांत आहे. पाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा ह्या दिवशीं गाडी दारांत यावी ही हौस चांगली. पण विक्रेत्यालाही पंचांग कळतें. सणाच्या आदल्या दिवशीं घरांत पाहुणे आलेले, हार आणलेला, मुलें दारांत उभीं. अशा वेळीं ‘ही घ्या, नाहीं तर पुढच्या महिन्यांत’ असें म्हटल्यावर कोण मागें फिरतो? मुलीचें स्थळ पाहतांना आपण जन्मतिथि, जन्मवेळ, जन्मस्थळ विचारतों. गाडीचा गृहप्रवेश मात्र घटका-पळें पाहून करतों आणि जन्म केव्हां झाला हें विचारीत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी. मुहूर्ताच्या निदान पंधरा दिवस आधीं विशिष्ट गाडीचा चेसिस क्रमांक लेखी मागावा, आणि तो मिळेपर्यंत भली मोठी आगाऊ रक्कम देऊं नये. मागणीपत्रावरच ‘उत्पादन अमुक महिन्यानंतरचें’ असें लिहून घ्यावें. गाडी पाहावयास एकट्यानें न जातां घरांतील दोघांनीं जावें, आणि क्रमांक वाचण्याचें काम दुसऱ्यावर सोंपवावें. ह्यांत पहिल्यावर अविश्वास नाहीं. उलट पुढें कोणीं ‘तुला ठाऊक होतें का?’ असें विचारण्याची पाळीच येत नाहीं. दिलेल्या क्रमांकाचीच गाडी ताब्यांत आली कीं नाहीं, हें हार घालण्यापूर्वीं ताडून पाहावें.

असें विचारणें म्हणजे विक्रेत्याचा अपमान, असें कित्येक भिडस्त मंडळींस वाटतें. जळगांवच्या सराफ बाजारांत सोन्याचा कस विचारला म्हणून कोणी सराफ रागावत नाहीं. जो रागावेल त्याच्याकडे कोणी जाणार नाहीं. धुळ्यास तर इतिहासाचार्य राजवाड्यांनीं आपले अखेरचे दिवस काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते तेथेंच वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या गांवीं आजही आहे. जुन्या पत्रांवर पुष्कळदां तिथि असते, पण साल नसतें. तें ठरविल्यावांचून पत्राचा खरा अर्थ लागत नाहीं. जो जिल्हा दोनशें वर्षांपूर्वींच्या कागदाचें साल शोधणाऱ्या माणसास मानतो, त्या जिल्ह्यांतल्या गृहस्थानें आपल्या आठ लाखांच्या गाडीचें साल विचारावयास संकोचूं नये. प्रामाणिक विक्रेता तें लगेच सांगेल आणि भावही त्याप्रमाणें करील. जो सांगण्याचें टाळील, त्याच्या टाळण्यांतच आपल्याला उत्तर मिळालें, असें समजून पुढच्या दुकानाची पायरी चढावी.